दिव्याचं राहू द्या, मस्टरचं बोला

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत मराठा-कुणबी समाजासाठीच्या ‘सारथी’ या सरकारी संस्थेकडून पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या फेलोशिपचा विषय निघाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ अशा आशयाचा प्रश्न केला. त्यावर गदारोळ झाला, आणि तो व्हायचाच होता. पण आमच्या मराठवाड्यात हा प्रश्न काही नवा नव्हता. पारावर बसलेली माणसं तो कधीपासून विचारताहेत. “तिशी उलटली की, अजून शिकतंयच का पोरगं?” पारावरची भाषा सभागृहात गेली, एवढंच. मला खटकलं ते त्यावरचं उत्तर. फेलोशिपच्या बाजूने उभं राहणाऱ्यांनी एक तर थोर पुरुषांची यादी वाचून दाखवली, नाही तर ‘त्यांच्या संस्थेला इतकं, मग आमच्या संस्थेला का नाही’ असा भाऊबंदकीतला हिशेब मांडला. विरोधकांनी शेतकऱ्याच्या हलाखीचा दाखला दिला. तेव्हापासून वाद तिथेच रुतून बसला आहे. हिवाळ्यात नागपूर, उन्हाळ्यात आझाद मैदान, आणि मधल्या काळात व्हॉट्सॲपवर शिव्याशाप.

या सगळ्या मंडळींनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे, की फेलोशिप ही शासनाने द्यायची मदत आहे. कुणाच्या मते ती उधळपट्टी, कुणाच्या मते हक्काची सवलत, पण दोघांच्याही लेखी देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली. माझं म्हणणं वेगळं आहे. फेलोशिप ही मजुरी आहे. पूर्णवेळ संशोधन करणारा माणूस दुसरी नोकरी धरणार नाही, अशी अट घालूनच त्याला ती दिली जाते. म्हणजे त्याचा दिवस आपण विकत घेतो. विकत घेतलेल्या दिवसाचे पैसे चुकते करायचे की नाहीत, यावर वाद कसला? वाद व्हायचा असेल तर दर किती, पैसे कोणत्या तारखेला, आणि बदल्यात काम काय, यावर व्हावा.

मराठवाड्याला हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. १९७२ च्या दुष्काळात इथली लाखो माणसं खडी फोडायला बसली होती. माझी आजीही त्यात होती. त्या काळातही शहरातले शहाणे लोक विचारत होतेच की, हे दगड फोडून होणार काय? त्यातल्या काही रस्त्यांवरून आजही एसटी धावते आणि काही पाझर तलावांत अजून पाणी ठरतं. काही कामं निव्वळ वाया गेली, हेही खरं. पण ‘रस्ता चांगला झाला तरच मजुरी’ असं मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, कुणी लिहिलं नव्हतं. वि. स. पागे यांनी धरून ठेवलेल्या कल्पनेतून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि कामाचं मागणं हा हक्क झाला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर मजुरी पंधरा दिवसांच्या आत द्यायची आणि उशीर झाला तर भरपाई द्यायची, असं स्पष्ट लिहिलं. प्रत्यक्षात ते किती पाळलं गेलं हे विचारू नका, पण कायद्यात तरी होतं. आता फेलोशिपचा शासन निर्णय काढून बघा. तिथे तारखेच्या जागी एक वाक्प्रचार भेटतो, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’. खडी फोडणाऱ्या बाईला पंधरा दिवसांचा हक्क, आणि त्याच बाईचा नातू विद्यापीठात गेला की त्याच्यासाठी उपलब्धतेची वाट! या उतरंडीची लाज कुणालाच कशी वाटत नाही?

माझंच उदाहरण देतो. मी भूगोलात पीएचडी करत होतो तेव्हा एका योजनेची फेलोशिप मंजूर झाल्याचं पत्र आलं. पेढे वाटले. पहिला हप्ता हातात पडला तो चौदा महिन्यांनी. मधल्या काळात फाइल तीन वेळा परत आली. एकदा रुजू अहवालावरची तारीख आणि नोंदणीपत्रावरची तारीख जुळत नव्हती, एकदा घरभाड्याच्या दाखल्यावर गोल शिक्का नव्हता, आणि तिसऱ्या वेळी गाईडची सही काळ्या शाईत होती, ती निळ्या शाईत हवी होती. औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बेगमपुऱ्यात खोली होती, तिथल्याच एका मावशींकडे दोन वेळचा डबा. त्या वहीत आकडा लिहायच्या आणि म्हणायच्या, “आलं की द्या हो दादा, पळून थोडंच चाललात.” चौदा महिने माझ्या संशोधनाला भांडवल पुरवलं ते त्या मावशींनी. शासनाने नंतर रक्कम एकदम दिली खरी, पण व्याज नाही. मावशींनीही ते मागितलं नाही. विद्यापीठाच्या गेटाबाहेरच्या पहाडसिंगपुऱ्यात, बेगमपुऱ्यात आजही अशा किती वह्या असतील, याची मोजदाद कुठल्या लेखापरीक्षणात होत नाही.

आता विरोधकांचे मुद्दे घेऊ. त्यातले काही चांगले वजनदार आहेत आणि आपल्या बाजूचे लोक ते टाळतात, म्हणूनच आपली बाजू लंगडी पडते.

पहिला मुद्दा दर्जाचा. मी स्वतः गाईड आहे आणि मौखिक परीक्षांना जाऊन बसतो, तेव्हा ऐकीव सांगत नाही. ‘अमुक तालुक्यातील तमुक : एक चिकित्सक अभ्यास’ या साच्यातले प्रबंध आपल्याकडे ढिगाने निघतात. तालुका बदलायचा, कोष्टकं बदलायची, निष्कर्ष तेच. उचलेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा शब्द बदलून देणारी दुकानंही आली. पन्नास जणांना वाटलेल्या प्रश्नावल्या एकाच हस्ताक्षरात भरलेल्या मी पाहिल्या आहेत. पाच वर्षं सरकारचे पैसे घेऊन असं काही समोर येतं तेव्हा करदात्याचा संताप मला समजतो. मलाही येतो.

पण रस्ता उखडला की आपण कुणाला धरतो? ठेकेदाराला, अभियंत्याला, बिल पास करणाऱ्याला. डांबर टाकणाऱ्या मजुराची मजुरी कापा असं कुणी म्हणत नाही. प्रबंधाच्या बाबतीत मात्र उलटा न्याय आहे. विषय मंजूर करणारी समिती कोण? सहामाही प्रगती अहवालावर न वाचता ‘समाधानकारक’ लिहिणारा कोण? मौखिकीला आपल्याच ओळखीचा बहिस्थ परीक्षक सुचवणारा कोण? हे सगळे कायम पगारावरचे लोक, आणि यात मीही आलो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांनी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी अशी मर्यादा घातली आहे. मर्यादा आहे ती संख्येवर, वाचनाचं काय? माझ्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्याच्या अहवालावर सही करताना सहज विचारलं होतं, “तुझा विषय कोणता रे?” या माणसाचा पगार कधी ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ झालेला नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त अवघड वाटतो, कारण तो नांदेडहून येतो. विचारवंत नरहर कुरुंदकरांना कुठली फेलोशिप होती? इंटरच्या परीक्षेत आपटलेला हा माणूस शाळेत शिकवत होता, पुढे पीपल्स कॉलेजात गेला. पीएचडी नाही, अनुदान नाही, आणि मनुस्मृतीपासून संगीतापर्यंत लिहून-बोलून ठेवलेलं असं की आजही त्यांच्यावर पीएचड्या होतात. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी असंच एकट्याच्या हौसेने सातवाहनकाळाचे अवशेष गोळा केले आणि त्यातून पुढे सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मग खऱ्या विद्वानाला पैसा लागतोच कशाला, असं कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं?

एक तर कुरुंदकरांपाशी नोकरी होती. शिक्षकाची का असेना, पण दर महिन्याला पगार होता आणि संध्याकाळ त्यांची स्वतःची होती. नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झालेल्या आजच्या तिशीतल्या मुलाला ती शाळेचीही नोकरी मिळत नाही. आणि दुसरं, जे तरले ते आपल्याला दिसतात. कुरुंदकरांच्या वर्गात, वसमतला, हिंगोलीला, परभणीला, त्यांच्याइतकी नसली तरी निम्मी बुद्धी असलेली किती मुलं होती, जी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसली? त्यांची नावं कुठल्या स्मरणिकेत छापून येत नाहीत. दुष्काळातही एखादं बाभळीचं झाड हिरवं राहतं, म्हणून पाटबंधारे खातं बंद करत नाहीत.

आणि मराठवाड्याला उच्च शिक्षण मिळालंच किती उशिरा, ते आठवून बघा. निजामाच्या राजवटीत इथल्या महाविद्यालयीन शिक्षणाचं केंद्र होतं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, १९१८ सालचं, तेही उर्दू माध्यमाचं. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आलं. मुंबई विद्यापीठाला तेव्हा शंभर वर्षं होऊन गेली होती. पुण्यात एखाद्या घरात पणजोबा पदवीधर असतात, आजोबा वकील, वडील बँकेत. तिथला मुलगा पीएचडीची पाच वर्षं घरच्या जेवणावर काढू शकतो. आमच्याकडे मुलगा पदवीला गेला की घरातला एक कमावता हात कमी होतो, आणि पीएचडीला बसला की तो हात पाच वर्षांसाठी जातो. त्या हाताची किंमत कुटुंबाने द्यायची की ज्या समाजाला ज्ञान हवं आहे त्याने?

थोर पुरुषांच्या यादीवर मी वर टीका केली, पण त्यातलं एक उदाहरण मलाही टाळता येत नाही. मात्र ते सांगितलं जातं चुकीचं. सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवलं, केवढं औदार्य, असा तो सूर असतो. कागद बघितला तर ते औदार्य एका कराराच्या रूपात होतं. १९१३ चा करार. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. दर ठरलेला, मुदत ठरलेली, काम ठरलेलं. आता एखाद्या काटेकोर हिशेबनिसाला ही फाइल तपासायला द्या. तो लिहील, ‘उमेदवाराने अटीप्रमाणे सेवा केली नाही. रक्कम बुडीत.’ खरंच होतं ते. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला गेले, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून हाकललं गेलं आणि काही दिवसांत त्यांना परतावं लागलं. बडोद्याच्या खात्यात ही गुंतवणूक फसली. देशाच्या खात्यात काय झालं ते सांगायला नको. कोलंबियातला तो प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता. १९२५ मध्ये तो पुस्तकरूपाने आला तेव्हा त्यांनी तो सयाजीरावांनाच अर्पण केला. केंद्राने पैसा गोळा करायचा आणि प्रांतांना किती द्यायचा, असा कोरडा विषय. ‘काय दिवे लावणार’ हा प्रश्न १९१५ च्या सुमारास या विषयाला विचारला असता तर उत्तर काय होतं?

उपयोग आधी सांगा म्हणणाऱ्यांसाठी मराठवाड्याचाच एक दाखला. १९९३ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही वर्गात शिकवत होतो की दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर. किल्लारीला १९९२ मध्ये धक्के बसत होते, लोक घाबरून अंगणात झोपत होते. त्या वेळी लातूर-उस्मानाबादच्या जमिनीखालच्या भेगांवर कुणी पाच वर्षं बसून काम करतो म्हणाला असता, तर कुठल्या समितीने त्याला पैसे दिले असते? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं दगडमातीच्या माळवदांखाली गेली. तो भूकंप संशोधनाने टळला असता, असं मी म्हणत नाही; तारीख आजही कुणी सांगू शकत नाही. पण दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचं धाब्याचं वजन ही रचना अशा जमिनीवर मारक ठरेल, हे आधी कुणी मोजून ठेवलं असतं तर? संस्था धावल्या त्या भूकंपानंतर.

उलट बाजूचंही सांगतो, म्हणजे केवळ हळहळ होणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात भेंडीवरच्या केवडा रोगावर काम झालं. पानांच्या शिरा पिवळ्या पडायच्या आणि हातचं पीक जायचं. संशोधकांनी ‘पुसा सावनी’ या चालू वाणाचा एका रानटी जातीशी संकर केला, तो पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी जुळवत नेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत ऐंशीच्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. एका पिढीला एक हंगाम. त्यात घाई चालत नाही आणि मधला एक हंगाम चुकवूनही चालत नाही. तिसऱ्या हंगामात एखादा प्रामाणिक आमदार येऊन विचारता, ‘भेंडी कुठंय?’ तर दाखवायला फक्त रोगट आणि निरोगी रोपांच्या नोंदी होत्या.

राहिला पैशाचा प्रश्न. जानेवारी २०२३ पासून यूजीसीची कनिष्ठ फेलोशिप महिन्याला ३७ हजार आणि वरिष्ठ ४२ हजार आहे, घरभाडं वेगळं. आकडा मोठा वाटतो. सोयाबीनला भाव नसलेल्या गावात तो तर फारच मोठा वाटतो, आणि ज्या बापाची वर्षाची कमाई एवढी नाही त्याने ‘हे कशाचे पैसे?’ असं विचारलं तर त्याला हसू नये. पण राज्याच्या पातळीवर हिशेब करा. अनुसूचित जातींसाठीच्या ‘बार्टी’ या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या तुकडीत ८६१ संशोधक पात्र ठरले आणि जागा होत्या दोनशे. बाकीच्यांसाठी महिनोन्‌महिने आझाद मैदानावर ठिय्या चालला. ३७ हजारांच्या दराने सगळ्या ८६१ जणांची वर्षाची फेलोशिप होते साधारण ३८ कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. म्हणजे लाख रुपयांतले साडेपाच रुपये. शेतकऱ्याची कर्जमाफी या साडेपाच रुपयांवाचून अडली आहे, असं ज्याला खरंच वाटतं त्याने हात वर करावा.

आणि पैसा नाही, हेही पूर्ण खरं नाही. २०१८ मध्ये पंतप्रधान संशोधन फेलोशिप सुरू झाली तेव्हा तिचा दर पहिल्या दोन वर्षांना दरमहा ७० हजार आणि शेवटी ८० हजार ठेवला, आयआयटी, आयआयएससी अशा संस्थांसाठी. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा दहा हजार फेलोशिप जाहीर झाल्या. चांगलंच झालं, माझा आक्षेप नाही. त्याच देशात नेट नसलेल्या पीएचडीवाल्याला केंद्रीय विद्यापीठात महिन्याला आठ हजार मिळतात आणि तो आकडा २०१२ पासून हललेला नाही. २०१५ मध्ये तेही बंद करायला निघाले होते. पोरं दिल्लीत यूजीसीच्या दारात बसली म्हणून टिकलं. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या राज्य विद्यापीठातल्या मुलाला तर ते आठ हजारही लागू नाहीत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून थांबवली. कारण दिलं की दुसऱ्या योजनांशी तिची सरमिसळ होते. असेलही, पण दखनी उर्दूची आणि फारसी दफ्तराची जाण असलेली मुलं या भागात कुठल्या घरांतून येतात, हे माहीत असणाऱ्याला ते कारण पटणं अवघड. एकूण काय, पवईच्या आयआयटीत संशोधन हे काम असतं आणि बेगमपुऱ्यात ते लाड ठरतात.

विरोधकांचा तिसरा मुद्दा मात्र अगदी वर्मावर आहे. पोरं ज्ञानासाठी नव्हे, तर नोकरी नाही म्हणून पीएचडीला बसतात आणि फेलोशिप हा बेकारी भत्ता झाला आहे. हो, पुष्कळ अंशी झाला आहे. मी दरवर्षी ‘पेट’ या पीएचडीच्या प्रवेश परीक्षेनंतर मुलाखतीला बसतो. ‘हाच विषय का?’ या प्रश्नावर समोरचा चेहरा कोरा पडतो तेव्हा उत्तर मला ठाऊक असतं. पण ही मुलं कुठे जावीत, अशी व्यवस्था आपण ठेवली आहे? महाविद्यालयांत जागा रिकाम्या आणि शिकवणारे तासिका तत्त्वावर. तासाला पैसे, सुट्टीत शून्य. पीएचडी झालेला तासिकेवरचा शिक्षक महिन्याकाठी जे घरी नेतो, त्याहून अधिक त्याच्याच हाताखाली शिकून गेलेला फेलो घेतो. मग प्रबंध लवकर सादर करायची घाई कुणाला असेल? सहा वर्षांची मुदत सहाही वर्षं ताणली जाते, कारण पुढच्या दारावर ‘तासिका’ असं लिहिलेलं आहे. त्यातून नियमही बदलत राहतात. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची म्हणून सांगितलं, मुदत २०२१ वरून २०२३ वर नेली, आणि २०२३ मध्ये सक्तीच काढली. ज्याने त्या सक्तीपोटी नोंदणी केली त्याने आता काय करायचं? आजार भरतीच्या फाइलींत आहे आणि इंजेक्शन फेलोशिपला टोचायचं चाललं आहे.

जातवार संस्थांवरच्या भांडणाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण लांबवलं की तेच होऊन बसतं. ज्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं घरं जळाली आणि माणसं मेली, तिथे बार्टी, सारथी आणि ओबीसी-भटक्यांसाठीची महाज्योती ही निव्वळ कार्यालयांची नावं राहात नाहीत, हे मला कळतं. बार्टीची गरज कशातून आली आणि सारथीची मागणी कशातून आली, यांचे इतिहास वेगळे आहेत आणि ते एका मापाने मोजू नयेत. दर सगळ्यांना एकच असावा, यात वाद नाही. पण अर्ज किती, पात्र किती हे न बघता सगळ्यांना सारख्याच जागा कापून दिल्या की ती समानता होत नाही. ती फक्त कारकुनाची सोय. आणि मौज बघा. २४ डिसेंबर २०२३ ला या तिन्ही संस्थांची एकत्र चाळणी परीक्षा झाली, तेव्हा २०१९ च्या ‘सेट’चीच प्रश्नपत्रिका दिल्याची तक्रार झाली. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घेतली, तर काही संच सीलबंद नव्हते म्हणून पोरांनी बहिष्कार टाकला. त्या दिवशी तिन्ही संस्थांची पोरं एकाच फाटकाबाहेर एकाच उन्हात उभी होती. शासनाने त्यांच्यात घडवलेली एकी म्हणायची तर तीच.

मजुरी म्हटलं की काम मागायचा हक्कही आला, आणि तो मी सोडणार नाही. फेलोशिप घेणाऱ्याने वर्षातून एकदा जिथे काम केलं त्या तालुक्यात, मराठीत, लोकांसमोर उभं राहून काय सापडलं ते सांगावं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. त्यावर काम करणाऱ्या मुलीने ते केजला किंवा धारूरला त्या बायकांसमोर मांडायला हवं. तिथे कोष्टकं खोटी असली तर पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडतील, सॉफ्टवेअर लागणार नाही. ज्या गाईडच्या विद्यार्थ्याचा अहवाल दोन वर्षं लागोपाठ पोकळ निघेल, त्याची पुढची जागा गोठवावी. नोंदणी करतानाच मुलाला कळावं की त्याला फेलोशिप आहे की नाही. दोन वर्षं काम झाल्यावर चाळणी परीक्षा घेणं म्हणजे पेरणी झाल्यावर बियाण्याचा परवाना विचारणं. आणि पैसे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, उशीर झाला तर व्याजासकट. ऊसतोडीचा मुकादम किती बदनाम! पण तोसुद्धा कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याला, उचल आधी देतो, काम नंतर घेतो.

तारखेवर मी एवढा का अडून बसलो आहे, ते कार्यालयात बसलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. संशोधनाला हंगाम असतो. ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. हप्ता जानेवारीत आला तर कारखान्यावरचा निम्मा हंगाम गेलेला असतो. विहिरींचं तसंच. पावसाळ्याआधी मे महिन्यात पातळी मोजायची, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजायची. दोन्हींच्या फरकातून कळतं की जमिनीत पाणी किती मुरलं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात ही नोंद सोन्याच्या मोलाची आहे. माझ्याकडे एक मुलगा हेच काम करतो, औसा आणि निलंगा भागातल्या चाळीस विहिरींवर. दोर, मोजपट्टी, पेट्रोल आणि वही, एवढंच भांडवल. गेल्या वर्षी एप्रिलपासून त्याचा हप्ता अडकला. मे महिन्यात तो पुण्याजवळ एका गोदामात पार्सलं लावत होता. ऑगस्टमध्ये थकबाकी एकदम जमा झाली आणि त्याच आठवड्यात तो वही घेऊन माझ्याकडे आला. ऑक्टोबर, मे, ऑक्टोबर असे उभे रकाने त्याने पेन्सिलने नीट आखलेले. पहिला रकाना चाळीसही विहिरींनी भरलेला, दुसरा वरपासून खालपर्यंत कोरा. “सर, ह्या रकान्यात काय लिहू?” त्याने विचारलं. बाहेर पाऊस चालू होता आणि विहिरी भरत होत्या.